मराठी अक्षराचा कल : विजयदुर्गच्या मोडी कागदापासून ठळक तिरप्या ठशापर्यंत

१. विषयाची मांडणी

रोमन लिपीच्या आधुनिक मुद्रणात एक विशिष्ट ठसा वारंवार आढळतो. त्याची अक्षरे जाड असतात, ती उजवीकडे झुकलेली असतात व त्यांच्या टोकांना आडवे पाय, म्हणजे सेरिफ, नसतात. जाहिराती, नकाशे, वाहनांवरील नावे, खेळाडूंचे गणवेश, राजकीय घोषणा या सर्व ठिकाणी हा ठसा दिसतो. संगणकावर मराठी लिहिणाऱ्यासही आज एका कळीने अक्षर ठळक व दुसरीने तिरपे करता येते. या सोयीमुळे असा समज होतो की, अक्षराचा ठळकपणा व तिरपेपणा हे कोणत्याही लिपीचे सहजगुण असून ते मराठीसही आपोआप लाभलेले आहेत. हा समज इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही. रोमन लिपीत या प्रत्येक गुणामागे निराळी परंपरा आहे, आणि मराठीने आपल्या लेखनव्यवहारात त्यांची कामे निराळ्या साधनांनी करून घेतली आहेत.

या प्रश्नाचा विचार करण्यास विजयदुर्ग हे स्थळ सोयीचे आहे. वाघोटन खाडीच्या मुखावरील या जलदुर्गात मराठ्यांच्या आरमाराचे मुख्य ठाणे होते. त्यामुळे मोडी लिपीतील दैनंदिन व्यवहार, बाळबोध लिपीतील धार्मिक व औपचारिक लेखन आणि युरोपीय नाविकांची रोमन लिपी या तिन्हींचा संबंध या एका ठिकाणी येतो. शिवाय मराठी वृत्तपत्रसृष्टीचे जनक बाळशास्त्री जांभेकर यांचे पोंभुर्ले हे गाव याच देवगड तालुक्यात आहे. हस्तलेखनाचा काळ संपून मुद्रणाचा काळ सुरू होताना मराठी अक्षराचे काय झाले, हे पाहण्यास हा प्रदेश एक चांगली खूण ठरतो.

२. रोमन ठशातील तीन गुणांचा उगम

तिरपेपणा हा या तीन गुणांपैकी सर्वांत जुना होय. व्हेनिसचा मुद्रक आल्डुस मानुतियुस याने १५०१ मध्ये व्हर्जिलच्या काव्याची जी आवृत्ती काढली, ती संपूर्णपणे तिरप्या ठशात छापलेली होती. हा ठसा फ्रांचेस्को ग्रिफो या कारागिराने कोरला. त्यापुढे नमुना होता तो तत्कालीन इटालियन विद्वानांच्या व दप्तरी लेखकांच्या धावत्या हस्ताक्षराचा. उभा रोमन ठसा व तिरपा ठसा हे प्रारंभी दोन स्वतंत्र ठसे होते. एक ग्रंथ एकात तर दुसरा ग्रंथ दुसऱ्यात छापला जाई. सोळाव्या शतकाच्या ओघात मात्र त्यांची जोडी जमली. मुख्य मजकूर उभ्या ठशात व त्यातील अवतरण, परकी शब्द, ग्रंथनाम किंवा जोर द्यावयाचा शब्द तिरप्या ठशात, अशी वाटणी रूढ झाली. म्हणजे धावत्या हाताची लिपी औपचारिक लिपीच्या पोटात येऊन तिची सहचारिणी बनली. या लेखातील पुढील विवेचनाचा धागा हाच आहे.

इतर दोन गुण यंत्रयुगातील होत. सेरिफांचा लोप झालेला पहिला छापील ठसा १८१६ च्या सुमारास लंडनच्या कॅस्लन ओतशाळेच्या नमुना-पुस्तकात आढळतो. ठळक ठसे एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी भित्तिपत्रकांसाठी निर्माण झाले; परंतु साध्या मजकुराच्या जोडीस बसेल असा ठळक ठसा म्हणून १८४५ मध्ये रॉबर्ट बेस्ली याच्या ओतशाळेने काढलेला 'क्लॅरेंडन' प्रसिद्ध आहे. शब्दकोशातील मुख्य शब्द चटकन नजरेत भरावा, हा त्याचा एक प्रमुख उपयोग होता.

हे तीन गुण एकाच कुटुंबात शास्त्रशुद्ध रीतीने बसविण्याचे काम विसाव्या शतकाने केले. १९२७ मध्ये पाउल रेनर याचा 'फ्यूचुरा' हा भौमितिक घडणीचा ठसा प्रसिद्ध झाला. त्याच्या ठळक तिरप्या रूपाचा अमेरिकन चित्रकर्ती बार्बरा क्रूगर हिने आपल्या घोषणात्मक चित्रांत केलेला वापर विशेष गाजला. १९५७ मध्ये आड्रियान फ्रुटिगर यांनी 'युनिव्हर्स' हे ठशांचे कुटुंब प्रसिद्ध केले. त्यात प्रत्येक रूपास नावाऐवजी दोन अंक दिलेले होते. पहिला अंक जाडीचा व दुसरा रुंदीचा आणि कलाचा. साधा उभा ठसा ५५, त्याचे तिरपे रूप ५६. ठळक उभा ६५ आणि ठळक तिरपा ६६. येथे तिरप्या अक्षराचा हस्ताक्षराशी असलेला संबंध जवळजवळ तुटला. उभे अक्षर काही अंशांनी कलते करून व डोळ्यास खटकणारे वळण दुरुस्त करून तिरपे अक्षर सिद्ध होऊ लागले.

३. विजयदुर्गचे दप्तर : दोन लिप्यांची वाटणी

विजयदुर्ग, ज्यास युरोपीय कागदपत्रांत 'घेरिया' म्हटलेले आढळते, तो किल्ला शिवकाळात मराठ्यांच्या ताब्यात आला. पुढे तो आंग्र्यांच्या सत्तेचे केंद्र बनला. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांच्या आरमाराने वॉटसन व क्लाइव्ह यांच्या नेतृत्वाखाली तो तुळाजी आंग्रे याच्याकडून घेतला आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात झालेल्या तहानंतर तो पेशव्यांकडे गेला. त्यानंतर पेशव्यांच्या आरमाराचा सुभा येथे होता. आनंदराव धुळप यांच्या नावाशी या सुभ्याचा इतिहास निगडित आहे. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांच्या हाती गेला.

गुराबा, गलबते व पाले यांची बांधणी व दुरुस्ती, खलाशांचे व शिपायांचे पगार, दारूगोळा, लाकूड, काथ्या, शीड यांचे हिशेब, पकडलेल्या जहाजांच्या मालाच्या याद्या, पुण्यास पाठवावयाची पत्रे असा हा सर्व व्यवहार मोडीत चाले. मोडी लिहिणारा प्रथम कागदावर डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत शिरोरेषा ओढून घेई व मग त्या रेषेखाली अक्षरे लटकवीत जाई. बोरू शक्य तितका न उचलता लिहावयाचा, हे या लिपीचे तत्त्व. त्यामुळे अक्षरांची वळणे गोल होतात, एका अक्षराचा शेवट दुसऱ्याच्या आरंभाकडे ओढला जातो आणि लेखनास एक प्रवाही कल येतो. हा कल काळाप्रमाणे, घराण्याप्रमाणे व कारकुनाच्या हाताप्रमाणे कमीअधिक असतो. त्याचे माप अंशांत सांगता येत नाही. मोडीचा आत्मा त्या ओघात आहे.

याउलट बाळबोध अक्षर उभे व सुटे असते. प्रत्येक अक्षराचा काना वेगळा दिसतो. पोथ्या, स्तोत्रे, शिलालेख यांसाठी बाळबोध व कारभारासाठी मोडी, अशी ही वाटणी होती. 'बाळबोध' म्हणजे लहान मुलासही कळणारे, आणि 'मोडी' म्हणजे मोडलेले, वळविलेले, असा या नावांचाच परस्परविरोध आहे. इटलीतील विद्वानांचे उभे अक्षर व दप्तरी लेखकांचे धावते अक्षर यांच्यात जो संबंध पंधराव्या शतकाच्या अखेरीस होता, तोच स्थूलमानाने महाराष्ट्रात बाळबोध व मोडी यांच्यात होता. सामग्री दोन्हीकडे सारखी होती. परिणाम मात्र भिन्न झाले.

४. छापखान्याने केलेली निवड

मराठीच्या मुद्रणाचा प्रारंभ अनेक लिप्यांत झाला. गोव्यात फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापले गेले ते रोमन अक्षरांत. १८०५ मध्ये मिरजेस भगवद्गीता छापली गेली ती तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या बाळबोध अक्षरांवरून. त्याच वर्षी श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण निघाले. त्यातील मराठी शब्द देवनागरीत आहेत. परंतु १८१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅरी यांच्या मराठी कोशात मराठी शब्द मोडी खिळ्यांनी छापलेले आहेत. म्हणजे मोडीचे धातूचे खिळे पाडणे अशक्य नव्हते. ते पाडले गेले व वापरलेही गेले.

तरीही मोडीचे मुद्रण रुजले नाही. त्याचे एक कारण तांत्रिक आहे. मोडीत व्यंजनास स्वर जोडताना पुष्कळदा व्यंजनाचेच रूप बदलते. बाळबोधीत 'क'पुढे काना ठेवला की 'का' होतो. मोडीत मात्र व्यंजन व स्वर यांचे एक नवेच वळण तयार होते. खिळा हा स्वभावतः सुटा असतो. जे अक्षर ओघात जन्मते ते सुट्या तुकड्यांत पाडावयाचे तर खिळ्यांची संख्या वाढते आणि एवढे करूनही ओघ हरवतो तो हरवतोच. शिळाछाप आल्यावर ही अडचण दूर झाली, कारण दगडावर हस्ताक्षर जसेच्या तसे उतरविता येते. म्हणून मोडीची शालेय पुस्तके पुढे दीर्घकाळ शिळाछापावर निघत राहिली. परंतु ग्रंथ व वृत्तपत्र यांचे क्षेत्र खिळ्यांच्या छापखान्याने व्यापले आणि तेथे बाळबोध एकटीच राज्य करू लागली.

मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी देवनागरी खिळ्यांची सुधारणा केली. त्याच छापखान्यात उमेदवारी केलेल्या जावजी दादाजी यांनी १८६४ मध्ये स्वतःची ओतशाळा व १८६९ मध्ये 'निर्णयसागर' छापखाना काढला. राणोजी रावजी आरू यांच्या कोरीव कौशल्याने सिद्ध झालेल्या निर्णयसागरी ठशाने देवनागरीचे जे रूप स्थिर केले, ते पुढील शंभर वर्षे मराठी वाचकाच्या डोळ्यांत ठसून राहिले. हे रूप उभे, भरदार व बोरूच्या कापाशी इमान राखणारे होते. त्यात लहानमोठे आकार होते, जाडीचे भेद होते. परंतु तिरपा सहचर नव्हता.

बाळशास्त्री जांभेकर यांच्या 'दर्पण' पत्राचा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ रोजी निघाला. त्याच्या पानावर इंग्रजी व मराठी असे दोन स्तंभ शेजारी शेजारी होते. या दोन स्तंभांपाशी असलेली साधने मात्र समान नव्हती. इंग्रजी स्तंभामागे उभी अक्षरे, तिरपी अक्षरे, मोठी व लहान लिपी आणि विरामचिन्हे यांची तीनशे वर्षांची शिदोरी होती. मराठी स्तंभाजवळ एकच एक अक्षर होते. विरामचिन्हे मराठीने लवकरच उसनी घेतली. तिरपे अक्षर मात्र घेतले नाही. हे का घडले, याचे उत्तर काही अंशी धातूत व काही अंशी भाषेत शोधावे लागते.

५. देवनागरी खिळ्यास कल देण्यातील अडचणी

देवनागरीत शिरोरेषा आडवी असते व शब्दातील सर्व अक्षरे तिने जोडलेली असतात. अक्षर तिरपे केले तरी शिरोरेषा आडवीच राहते. झुकतात ते काने. त्यामुळे रोमन तिरप्या अक्षरात जो मोकळा ओघ दिसतो तो येथे दिसत नाही; वरची तुळई स्थिर व खालचे खांब कललेले, असा भास होतो. शिरोरेषेवर मात्रा, वेलांटीचे वळण, रफार व अनुस्वार असतात, तर खाली उकार व ऋकार असतात. अक्षर उजवीकडे कलले की वरचे चिन्ह पुढे सरकते व खालचे मागे जाते. हाताने जुळणी करताना तीन थरांची पद्धत वापरली जाई. मधल्या थरात मूळ अक्षर व वरखालच्या थरांत मात्रा-उकारांचे स्वतंत्र तुकडे बसविले जात. अशा जुळणीत वरचा तुकडा प्रत्येक वेळी नेमका किती सरकवावा, हा प्रश्न जुळाऱ्याच्या हाती सोपविणे व्यवहार्य नव्हते. एकाच अंगाचा खिळा घ्यावा तर त्याचा पुढे आलेला नाजूक भाग दाबाखाली तुटे.

दुसरी अडचण बोरूच्या कापाची आहे. रोमन लेखणीने काढलेल्या अक्षरात डावीकडून उजवीकडे उतरणारी तिरकी रेघ जाड येते. देवनागरीचा बोरू उलट्या बाजूस कापलेला असतो. त्यामुळे तेथे डावीकडून उजवीकडे चढणारी रेघ जाड येते. अक्षर उजवीकडे कलविले की या जाड-बारीक रेघांचा तोल बिघडतो आणि अक्षर झुकण्याऐवजी ढळल्यासारखे वाटते.

ठळकपणाची गोष्ट निराळी. तो देवनागरीस मानवतो. किंबहुना निर्णयसागरी ठसा मुळातच भरदार आहे. परंतु जाडी फार वाढविली तर 'ग', 'भ', 'म' यांतील गाठी बुजतात, 'ध' व 'थ' यांची वेटोळी भरून येतात आणि 'द्ध', 'ष्ट', 'ङ्क' यांसारखी उभी जोडाक्षरे काळ्या डागासारखी दिसू लागतात. देवनागरीत मुळात सेरिफ नाहीत. म्हणून 'सेरिफविरहित' हे विशेषण तिला लावणे यथार्थ नव्हे. त्याच्या जागी रेघेची जाडी सर्वत्र समान असणे, म्हणजे एकसरीपणा, हा गुण धरावा लागतो. बोरूचा काप काढून टाकला की उरते ते एकसरी अक्षर. असे अक्षर कलविताना जाड-बारीक रेघांचा तोल बिघडण्याची भीती उरत नाही; म्हणूनच देवनागरीत तिरपेपणा आला तो एकसरी अक्षराचा हात धरून.

६. भाषेने स्वतःच केलेली सोय

तिरप्या अक्षराचा अभाव मराठी गद्यास फारसा जाणवला नाही, याचे अधिक खोल कारण मराठीच्या वाक्यरचनेत आहे. इंग्रजीत वाक्यातील कोणत्या शब्दावर जोर आहे हे बोलताना आघाताने कळते. लिहिताना तो आघात हरवतो व त्याची भरपाई तिरप्या अक्षराने केली जाते. मराठीत जोर दाखविणारी अव्यये शब्दास चिकटून येतात आणि ती उच्चारात व लेखनात सारखीच प्रकट असतात. 'आरमारच विजयदुर्गास राहिले', 'आरमार विजयदुर्गासच राहिले' व 'आरमार विजयदुर्गास राहिलेच' ही तीन वाक्ये घ्यावीत. पहिल्याचा अर्थ इतर सर्व गेले, दुसऱ्याचा अन्यत्र गेले नाही, तिसऱ्याचा शंका असूनही राहिले. इंग्रजी मुद्रक जे काम खिळा बदलून करतो, ते मराठी लेखक 'च'चे स्थान बदलून करतो. जुन्या मराठीतील 'चि' पासून आजच्या 'च' पर्यंत ही सोय अखंड आहे. 'ही', 'तर', 'पण', 'सुद्धा' ही अव्यये व शब्दक्रमाचे स्वातंत्र्य तिला पूरक ठरतात. उद्धृत वाक्य दर्शविण्यास 'असे', 'म्हणून' हे शब्द आहेत, जसे संस्कृतात 'इति' आहे.

पोथीलेखकाने यापलीकडे रंगाचा उपयोग केला. ओवीचा अंक, अध्यायसमाप्ती, वक्त्याचे नाव ही हिंगुळाने तांबडी लिहिली जात. छापखान्यात तांबड्या शाईची जागा मोठ्या व जाड ठशाने घेतली. निर्णयसागरच्या संस्कृत ग्रंथांत मूळ श्लोक मोठ्या अक्षरात व टीका लहान अक्षरात असते. शब्दकोशांत मुख्य शब्द ठळक असतो. ग्रंथनामास एकेरी अवतरणचिन्हे दिली जातात. अशा रीतीने रोमन तिरप्या ठशाची चार कामे मराठीने चार ठिकाणी वाटून दिली : जोर अव्ययाकडे, ग्रंथनाम अवतरणचिन्हाकडे, मथळा व कोशशब्द ठळक ठशाकडे आणि श्रेणीभेद अक्षराच्या आकाराकडे.

७. एकसरी देवनागरी व यंत्राने दिलेला कल

तिरपे मराठी अक्षर प्रथम रुळले ते छापखान्याबाहेर, रंगाऱ्याच्या कुंचल्यात. दुकानांच्या पाट्या, नाटकांच्या व तमाशांच्या जाहिराती, मालमोटारींच्या पाठीवरील वाक्ये यांत खिळ्याचे बंधन नव्हते. मराठी नाटकांच्या शीर्षकलेखनात कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी अक्षराच्या कलास नाटकाच्या प्रकृतीशी जोडले. कोकणच्या बंदरांतही हे दिसते. मासेमारी होडीच्या नाळेकडील फळी पुढे चढत गेलेली असते. तीवर रंगविलेले देवतेचे नाव त्या चढास धरून अनेकदा कलते व ठळक काढलेले असते, तर नोंदणीक्रमांक रोमन अक्षरांत उभा असतो. येथे कल हा जोर दाखवीत नाही. तो गती दाखवितो.

छापील ठशाच्या क्षेत्रात एकसरी देवनागरीचा पद्धतशीर विचार १९६० च्या दशकात अहमदाबादच्या राष्ट्रीय आरेखन संस्थेत झाला. 'युनिव्हर्स'चे कर्ते फ्रुटिगर यांचे साहाय्य त्यास लाभले व महेंद्र पटेल यांनी ते काम पुढे नेले. याच सुमारास देवनागरी मुद्राक्षरांच्या इतिहासाचे संशोधनही आकारास आले. अ. का. प्रियोळकर यांचा भारतीय मुद्रणाविषयीचा इंग्रजी ग्रंथ १९५८ मध्ये व बापूराव नाईक यांचा देवनागरी मुद्राक्षरांवरील त्रिखंडात्मक इंग्रजी ग्रंथ १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला.

संगणकाने धातूच्या अडचणी एका फटक्यात दूर केल्या. खिळ्यास अंग उरले नाही, तेव्हा ते तुटण्याची भीतीही उरली नाही. परंतु त्याबरोबर एक नवा दोष शिरला. ज्या ठशाचे तिरपे रूप कोणी रेखाटलेलेच नाही, त्यासही संगणक गणिताने कलते करून दाखवितो. र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी रेखाटलेला 'मंगल' हा ठसा विंडोज २००० बरोबर घरोघरी पोहोचला. त्याचे जे तिरपे रूप पडद्यावर दिसते, ते अशा गणिती कलाचे उदाहरण होय. त्यात अनुस्वार अक्षरापासून दूर सरकतो आणि वेलांटीची कमान नको तेथे ताणली जाते.

अलीकडील ठशांत दोन भिन्न भूमिका दिसतात. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेच्या 'मुक्ता' या एकसरी ठशात जाडीची सात रूपे आहेत, पण ती सर्व उभी आहेत. जोरासाठी जाडीचा भेद पुरेसा आहे, असे त्यामागे गृहीत दिसते. याउलट २०१४ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या 'पॉपिन्स' या भौमितिक ठशात, ज्याची देवनागरी निनाद काळे यांनी व रोमन जॉनी पिनहॉर्न यांनी रेखाटली, जाडीच्या नऊ रूपांना पुढे तिरप्या रूपांची जोड मिळाली व त्यांत देवनागरीचाही समावेश झाला. ठळक, तिरपी व एकसरी अशी देवनागरी त्यामुळे सर्वांस उपलब्ध झाली. तिचे आरेखन काळजीपूर्वक केलेले आहे; तथापि तिचा कल रोमन जोडीदाराच्या कलाबरोबर राहण्यासाठी आहे, मराठी हाताच्या वळणातून आलेला नाही.

मराठी हाताच्या वळणाकडे पाहणारा प्रयत्न सुलेखनाच्या क्षेत्रात झाला. अच्युत पालव यांनी मोडीचा अभ्यास करून मोडी व देवनागरी यांच्या संयोगातून 'मुक्तलिपी' साधली. आल्डुसच्या काळात इटलीत जे घडले त्याचे मराठी रूप कसे असू शकले असते, याची कल्पना अशा लेखनावरून येते. युनिकोड संहितेत मात्र देवनागरी १९९१ पासून व मोडी २०१४ पासून अशा दोन स्वतंत्र लिप्या म्हणून नोंदलेल्या आहेत. एकाच भाषेची दोन अक्षरवळणे एका कुटुंबात नांदण्याऐवजी दोन घरांत राहिली, यावर या नोंदीने शिक्कामोर्तब झाले.

८. कलास अर्थ असावा

तिरप्या अक्षरास नेमका अर्थ कसा देता येतो, याचे उत्तम उदाहरण विजयदुर्गच्याच संदर्भात मिळते. आंतरराष्ट्रीय संकेतानुसार सागरी नकाशांत भरतीच्या वेळीही पाण्याबाहेर राहणाऱ्या वस्तूंची नावे उभ्या अक्षरांत आणि पाण्याची, पाण्याखालील व तरंगत्या वस्तूंची नावे तिरप्या अक्षरांत लिहितात. या संकेताने किल्ला, भूशिर, दीपगृह यांची नावे उभी व खाडी, बुडालेले खडक, तरंगते बोये यांची नावे तिरपी येतात. विजयदुर्गाजवळ पाण्याखाली असलेल्या भिंतीसारख्या रचनेची नोंद राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी केली आहे. किल्ल्याच्या तटाचे नाव उभे आणि या बुडालेल्या भिंतीचे तिरपे, असा भेद नाविकाच्या दृष्टीने केवळ शोभेचा नव्हे. येथे अक्षराचा कल वाचला नाही तर जहाज खडकावर चढेल.

मराठी संशोधनात तिरप्या अक्षरास असेच एक नेमके काम देता येण्यासारखे आहे. मोडी कागदाचे बाळबोधीत लिप्यंतर करताना संपादक अनेक गोष्टी नकळत स्वतःच्या पदरच्या घालतो. मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घभेद पाळला जात नाही. लिप्यंतरात तो प्रचलित शुद्धलेखनाच्या नियमांनी घातला जातो. मोडीत शब्द सुटे लिहिलेले नसतात; संपादक ते तोडतो. 'क॥', 'त॥', 'प॥' या संक्षेपांचा विस्तार 'कसबे', 'तर्फ', 'परगणे' असा केला जातो. आरमाराच्या जमाखर्चात एखाद्या ठिकाणी 'सुत' वाचावयाचे की 'सूत', हा निर्णय मूळ कागद करीत नाही, संपादक करतो. छापील पानावर मूळ कारकुनाचे अक्षर व संपादकाचे अनुमान ही दोन्ही एकाच उभ्या ठशात येतात, आणि वाचणाऱ्यास दोन्ही सारख्याच प्रमाणाची वाटतात.

वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये काढला व गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात निघाले. या संपादकांपाशी तिरपा देवनागरी खिळा नव्हता. त्यामुळे संपादकीय भर दाखविण्यास कंस एवढेच साधन त्यांच्या हाती होते, आणि प्रत्येक वेलांटीस कंस घालणे शक्य नव्हते. युरोपीय दप्तरांच्या काटेकोर आवृत्त्यांत संक्षेपाचा विस्तार केलेली अक्षरे तिरपी छापण्याचा परिपाठ आहे. आज तिरपी देवनागरी प्रत्येक अभ्यासकाच्या संगणकावर आहे. 'कसबे' या शब्दातील 'क' उभा व 'सबे' तिरपे छापल्यास मूळ कागदात काय होते व संपादकाने काय घातले, हे पान न उलटता कळेल. ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत केवळ वेलांटी किंवा उकार तिरपा करणे दृष्टीस सूक्ष्म ठरेल. तेथे संपूर्ण अक्षर तिरपे करावे लागेल. मराठीच्या ऐतिहासिक ध्वनिविचारासाठी मोडी कागदांचा पुरावा वापरणाऱ्यास हा भेद अत्यावश्यक आहे. तो नसेल तर १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी घातलेली वेलांटी अठराव्या शतकातील उच्चाराचा पुरावा म्हणून पुढे केली जाण्याचा धोका असतो.

९. निष्कर्ष

वरील विवेचनाचे सार तीन विधानांत सांगता येईल. पहिले असे की, महाराष्ट्रात उभ्या औपचारिक व धावत्या व्यावहारिक अशा दोन अक्षरवळणांची जोडी युरोपाप्रमाणेच अस्तित्वात होती. परंतु खिळ्याच्या मुद्रणाने तिचे रूपांतर सहचारात न करता एकीस स्वीकारले व दुसरीस वगळले. दुसरे असे की, मराठीचे अवधारण अव्ययांत व शब्दक्रमात व्यक्त होत असल्याने गद्यलेखनास तिरप्या ठशाची निकड भासली नाही. म्हणून आजही जोर देण्यासाठी तिरपे अक्षर वापरणे मराठीत पुष्कळदा द्विरुक्तीच होते. तिसरे असे की, ठळक तिरपी एकसरी देवनागरी आता हाती आली आहे ती रोमन ठशाच्या सोबतीने. जाहिरातीत व पाटीवर तिचे स्थान निश्चित झाले आहे. विद्येच्या क्षेत्रात ते अद्याप ठरावयाचे आहे.

ते ठरविताना इंग्रजी पानाची नक्कल न करता मराठीची खरी गरज पाहावी लागेल. ती गरज विजयदुर्गासारख्या ठाण्यांच्या कागदांत आहे. मोडी वाचू शकणारे डोळे कमी होत चालले आहेत, आणि पुढील पिढ्यांस हे कागद बहुधा लिप्यंतरातूनच वाचावे लागणार आहेत. त्या लिप्यंतरात कारकुनाने काय लिहिले व संपादकाने काय वाचले यांच्यामधील रेषा पुसली गेली, तर मूळ कागद हाती असूनही हरवल्यासारखाच होईल. ती रेषा राखण्याचे साधन आता प्रत्येक अभ्यासकापाशी आहे. विद्यापीठीय आवृत्त्यांनी त्याचा एक सर्वमान्य संकेत ठरवून तो पाळण्यास आरंभ करावयास हवा.